ताईने पाहिलेला हिंदुस्थान

ताई गेल्याचा फोन भाऊजींनीच केला. मी भंडाऱ्याला, माझ्या घरी, पोळ्या लाटत होते. "शीला, तुई ताई गेली वं," एवढं एक वाक्य ते नीट बोलले. तिथेच थांबले असते तर मी त्यांना आयुष्यभराचं बरंच काही माफ करून टाकलं असतं. पण योग्य जागी थांबणं भाऊजींना कधी जमलं नाही. श्वास घेऊन लगेच म्हणाले, "एक समाधान हाय मात्र. बिचारीनं सारा हिंदुस्थान पाहून घेतला. मी दाखवला." मी फोन ठेवून दिला. माझी सख्खी मोठी बहीण गेली होती, आणि मला आधी रडू आलं नाही, संताप आला. रडू तुमसरच्या वाटेवर एसटीत आलं, तेही खिडकीकडे तोंड करून, कारण त्या मार्गावरचे अर्धे कंडक्टर मला ओळखतात. माझी सारी नोकरी एसटी आगारात, बुकिंगच्या खिडकीमागे झाली, त्याचा हा तोटा.

तुमसरला उतरले तर चौकात फ्लेक्स लागलेला. माणूस घरात झाकून ठेवलेलं असताना यांचे फ्लेक्स कसे छापून येतात, हे मला न सुटलेलं कोडं आहे. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली भाऊजींच्या गिरणीचं नाव, शोकाकुल मित्रमंडळींचे पासपोर्ट फोटो, आणि मधोमध ताजमहालासमोर उभी असलेली ताई. हसरी, डोक्यावरून पदर, गळ्यात मोत्यांची माळ. मी जवळ जाऊन पाहिलं. तो चेहरा भाच्याच्या लग्नातला होता. कुठल्याशा कॉम्प्युटरवाल्याने कापून तिथे चिकटवला होता, मानेपाशी जोडही दिसत होता. दुसरं काय करणार बिचारा! ताजमहालासमोरचा ताईचा एकही फोटो नाही. असूच शकत नाही.

आमच्याकडे घाटावर बायका जात नाहीत. मी गेले. आणि आमच्याकडे चिता पेटली की तिथल्या तिथे शोकसभा होते, तीही पूर्ण ऐकली. भाऊजींचे जिवलग दोस्त खेमराजभाऊ, धान्याचे व्यापारी, रुमालाने डोळे टिपत म्हणाले की वहिनीएवढं फिरलेली बाई साऱ्या तुमसरात सापडणार नाही. आग्रा, जयपूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, विजापूर... त्यांनी शहरांची नावं एसटीच्या फलकासारखी धडाधड वाचून दाखवली. लोकांनी माना डोलवल्या. दिवाकररावांनी बायकोला राणीसारखं ठेवलं, असंही कोणी म्हणालं. मी मागे उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, माणूस मेलं की त्याच्याबद्दल वाटेल ते बोलायला लोक मोकळे होतात, कारण आता ते उठून सांगणार नसतं. ताई सांगणार नाही. म्हणून मी सांगते आहे. पेपरच्या या पुरवणीत दिवंगतांबद्दल गोड लिहायची रीत आहे हे मला माहीत आहे. ताईबद्दल गोडच लिहीन. बाकीच्यांचं बाकीच्यांनी पाहून घ्यावं.

ताईचं नाव सिंधू. आमचं माहेर लाखांदूरकडचं, धानाच्या बांध्यांमधलं. ती माझ्याहून मोठी, उंच, आणि लहानपणापासून नाकाचा शेंडा वर. कोणाची बढाई ऐकून घेणं तिला जमतच नसे. समोरचा बोलत असतानाच तिचा खालचा ओठ किंचित बाहेर यायचा, आणि बोलणाऱ्याचा आवाज आपोआप उतरायचा. शाळेची सहल एकदा पवनीला गेली होती, जुना दरवाजा आणि परकोट, म्हणजे गावाभोवतीचा मातीचा तट, पाहायला. एसटी पुरती थांबायच्या आत ताई खाली. गुरुजी राजवंशांची नावं सांगत होते, आम्ही वहीत लिहून घेत होतो, आणि ही परकोटाच्या मातीवर चढून वरून ओरडली, "गुरुजी, येथले लोक पाणी कोठून आनत होते?" गुरुजींनी तिला खाली बोलावून रागावलं. "राजा लक्षात ठेव, पाणी नको ठेवू," म्हणाले. तिने ओठ बाहेर काढला. राजे तिच्या कधीच लक्षात राहिले नाहीत. पण नवीन गावात शिरलं की आधी उतरायचं, चढायचं, आणि इथे माणसं कशी जगत होती ते विचारायचं, हे वेड तिला होतं. तिला जग पाहायचं होतं. मनापासून पाहायचं होतं. म्हणून तर मला हा फ्लेक्स सहन होत नाही.

लग्न तुमसरला झालं. घरची राइस मिल, मोठं अंगण, आणि दिवाकरभाऊजी. माणूस वाईट नाही, असं सगळे सांगतात. मारलं नाही, शिवी दिली नाही, दारू नाही. आमच्याकडे चांगल्या नवऱ्याची परीक्षा एवढ्यात संपते. भाऊजींना भातापलीकडे काही सुचत नसे. तोही स्वतःच्या गिरणीतल्या चिन्नोर तांदळाचाच हवा, ताईनेच रांधलेला हवा, आणि पातेल्यातून थेट ताटात हवा. निवलेला भात त्यांना विटाळासारखा. एकदा हौसेने रेल्वेने जयपूरला गेले, तर हॉटेलातला भात पाहून तीन दिवस केळ्यांवर काढले आणि किल्ले न पाहताच परत आले. परत येऊन महिनाभर राजस्थानला शिव्या. ज्या मुलखाला भात कळत नाही त्यांनी महाल बांधून काय दिवे लावले, असं त्यांचं म्हणणं. हा मनुष्य पुढे वारसास्थळांचा जाणकार म्हणून तुमसरात ओळखला गेला.

मग जिल्हा फुटला. गोंदिया वेगळा झाला, दफ्तरं वाटली, खुर्च्या वाटल्या, कपाटं वाटली. एका कार्यालयाची जुनी मिनीबस मात्र वाटणीत ना गोंदियाने मागितली ना भंडाऱ्याने ठेवली. ती लिलावात निघाली, आणि जी वस्तू दोन जिल्ह्यांना नको होती ती भाऊजींनी घेतली. नागपूरच्या गॅरेजात ती कितीतरी महिने उभी होती. आतल्या सीटा काढल्या, झोपायला फळ्या बसवल्या, छतावर पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे, आणि मागच्या बाजूला ओटा. ओट्याखाली सिलेंडर, बाजूला धुण्याची मोरी, वर डब्यांची फळी. संडासही केला होता, पण त्यात पहिल्याच दौऱ्यात तांदळाचे कट्टे ठेवले आणि ते तिथेच राहिले. मागच्या काचेखाली पेंटरकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, 'सिंधू निवास'. अंगणात गाडी उभी करून साऱ्या गल्लीला पेढे वाटले. कोणी "गाडी झकास झाली" म्हटलं की भाऊजी दुरुस्त करत, "गाडी नाही बावा, घर हाय हे. फिरतं घर." ताई माझ्या कानात म्हणाली, "घर हाय म्हनते, म्हंजे चूल आलीच न वं." तिला तेव्हाच सगळं कळलं होतं.

दौऱ्याची पद्धत सांगते, म्हणजे शहरं वेगवेगळी सांगायची गरज राहणार नाही. भाऊजी, खेमराजभाऊ, ड्रायव्हर, कधी आणखी एखादा दोस्त, आणि ताई. मिनीबस शहरात शिरायची, किल्ल्याजवळच्या किंवा मकबऱ्याजवळच्या पार्किंगमध्ये लागायची. भिंतीकडे तोंड करून, म्हणजे वाऱ्याने गॅस विझत नाही. मग पुरुष मंडळी बूट घालत. भाऊजी म्हणत, "गाडीत सिलेंडर हाय, सामान हाय, कोनी तरी पाहिजे. आमी पाहून येतो, मंग तू जाय आरामात." ते जात. ताई तांदूळ धुवायची. ते येत तेव्हा भुकेने कासावीस. आल्याबरोबर ताटं. जेवण झालं की त्यांचे डोळे जड, आणि ताईपुढे भांडी. भांडी होईपर्यंत तिकिटाची खिडकी बंद, नाहीतर ऊन उतरलं म्हणून पुढच्या गावाला निघायची घाई. "पुढच्या टायमाले नक्की," भाऊजी म्हणत. दर वेळी म्हणत आणि मनापासून म्हणत, हे आणखी वाईट. लबाड माणसाशी भांडता तरी येतं.

आग्र्याला मी सोबत होते. जाणूनबुजून गेले होते, यावेळी ताईला उतरवायचंच म्हणून. पार्किंगमध्ये गाडी लागल्याबरोबर मी म्हटलं, "भाऊजी, आज तुमी थांबा, आमी दोघी जातो." भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना साडी नेसायला सांगितली. "भात कोन लावन?" खेमराजभाऊ मध्ये पडले, "वहिनीले गर्दी सोसत नाही, शीलाबाई." वहिनीला कधी विचारलं होतं यांनी? ताई कुकर पुसत म्हणाली, "तू जाय वं शीला. मी हाओ येथी." मी गेले नाही. तिच्याजवळ बसून राहिले आणि वांगी चिरली. म्हणजे मीही आग्र्याला जाऊन ताजमहाल पाहिलेला नाही. फरक एवढाच की मी तसं सांगते, आणि माझा फ्लेक्स कोणी लावला नाही.

त्या दुपारी मला कळलं की ताई पार्किंगमध्ये नुसती बसत नव्हती. ती ओट्यापाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा पंचनामा करायची. टूरिस्टांच्या टोप्या, नव्या नवरीचं बूट चावल्यासारखं चालणं, पुतळ्यासारखे उभे राहून फोटो काढणारे साहेब... "पाय त्याले, पोट आत घेऊन राहिला. महालाले दाखवते का पोट?" आम्ही दोघी हसून हसून ओट्यावर रेललो. जगाला तुच्छ लेखायचं म्हणजे आधी जग पाहावं लागतं. तिच्या वाट्याला त्यातलं जेवढं आलं, तेवढ्याची तिने सालं काढली.

आणि परत आलेल्या पुरुषांना ती दर वेळी एकच प्रश्न विचारायची. ताटं वाढता वाढता, अगदी सहज. "तेथी सैपाकघर कोठी होतं जी?" पहिल्यांदा भाऊजी गोंधळले. दिवाण-ए-आम होता, दिवाण-ए-खास होता, राण्यांचे महाल होते, घोड्यांची पागा होती. हत्ती कुठे बांधत तेही गाइडने दाखवलं होतं. "सैपाकघर नाही पाह्यलं," म्हणाले. "मंग एवढे लोक खात काय होते?" यावर भाऊजी आणखी भात मागायचे. ग्वाल्हेरला तेच, विजापूरला तेच, गोवळकोंड्याला तेच. पुढे पुढे भाऊजी चिडायला लागले. "तुले दुसरं काही सुचत नाही का वं? एवढा मोठा इतिहास, अन् तू चुलीत शिरतीस!" हे वाक्य ज्या माणसाने कधीच बोलू नये, तोच ते बोलला. तेही तिने चुलीवरून उतरवलेला भात कालवता कालवता.

बिदरला मात्र वेगळं घडलं. तिथेही मी होते. शहर जुनं, किल्ला मोठा, सकाळची वेळ. त्या दिवशी भाऊजींनी किल्ल्याचा गाइड गाडीपाशीच ठरवला, आणि तो दारात उभा राहून सांगत होता, इथे रंगीन महाल, इथे मशीद, इथे हमामखाना. ताई आत तांदूळ वैरत होती. तिने खिडकीतून डोकं काढलं आणि नेहमीचा प्रश्न हिंदीत विचारला. गाइड सहज म्हणाला, "है ना माताजी. शाही बावर्चीखाना. पूरी इमारत है. कोई देखने नहीं जाता." ताईच्या हातात पळी होती, तिने ती तशीच धरून ठेवली. भाऊजी म्हणाले, "पडकी असन ते. काय पाहाचं हाय तेथी. आमी पाहून येतो, सांगतो तुले." ताईने पळी ओट्यावर ठेवली. पदराला हात पुसले. भाऊजींना म्हणाली, "भात अर्धा झाला हाय. पाहा आता तुमी." आणि उतरली. पायरीवर पाय ठेवून नीट, सावकाश, गुडघा धरून उतरली, पण मला पवनीची एसटी आठवली. खेमराजभाऊ "अहो वहिनी, वहिनी" करत राहिले.

त्या इमारतीला कुलूप होतं. दाराच्या फटीला डोळा लावून ताईने आत पाहिलं, मग इमारतीला पूर्ण फेरी मारली, हाताने भिंती चाचपत. मला वाटलं होतं ती हरखून जाईल. तशी ती हरखणारी नव्हतीच. तिने गाइडला विचारलं, सुलतान जेवायला कुठे बसायचा? त्याने महालाकडे बोट दाखवलं. ताईने इथून तिथपर्यंत नजर टाकली. मध्ये अंगण, पायऱ्या, दरवाजे, पुन्हा अंगण. आणि ओठ बाहेर आला. "एवढ्या दुरून नेत होते? तेथी पोचेपर्यंत थंडा होत असन वं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हंजे सुलतान निवलेला भात खात होता अन् दिवाकरराव गरम. आपल्या मालकापुढं काय मोठा राजा लागून गेला तो!" एवढं बोलून ती तिथल्या चौथऱ्यावर बसली आणि इतकं हसली की डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता ते पाणी थांबेना. नंतर आम्ही सगळा किल्ला पाहिला, दोघीच. बुरुजावर चढलो. ती वरून खालची माती, झाडं, दूरवरचं सपाट रान पाहत बराच वेळ उभी राहिली. तिने एकही टोमणा मारला नाही. साऱ्या हिंदुस्थानातलं तिने काय पाहिलं असेल तर हे, एवढंच.

परत आलो तर गाडीत धूर. भात करपून पातेल्याला लागलेला. दोन धडधाकट पुरुष आणि एक ड्रायव्हर, कोणाला गॅसची कळ फिरवायचं सुचलं नव्हतं. बिस्किटं खात बसले होते. भाऊजी तीन गावं बोलले नाहीत. पण नंतर ही गोष्ट त्यांनी विनोद म्हणून सांगायला घेतली, "बिदरले सिंधूनं आमाले उपाशी मारलं," आणि ऐकणारे हसायचे. घाटावरच्या शोकसभेतही खेमराजभाऊंनी ती सांगितली. तिथेही लोक हसले. चितेला पाठ करून.

शेवटच्या वर्षांत ताईचे गुडघे गेले, मग दमही लागायला लागला. माणसाला वाटेल, आता तरी दौरे थांबले असतील. भाऊजींनी गाडी पुन्हा गॅरेजात नेली आणि ओटा खाली घेतला. त्यापुढे एक गोल स्टूल जमिनीत बोल्टने पक्कं करून दिलं, म्हणजे तिला बसून स्वयंपाक करता येईल. "खास सिंधूसाठी," ते पाहुण्यांना हौसेने दाखवत. पाहुणे म्हणत, किती काळजी! त्या स्टुलावर बसलं की वरची खिडकी डोक्यावर जाते, आणि समोर ओट्यालगतची खालची लहान खिडकी तेवढी उरते. पूर्वी उभी राहून तिला लोकांचे चेहरे तरी दिसत. बसल्यावर शेजारच्या गाड्यांची चाकं दिसू लागली. ती मला एवढंच म्हणाली, "आता मानसं बी गेले." मला त्या वेळी भाऊजींचा जो तिटकारा आला तो अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

अशी ताई गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडली. अस्थींचा कलश लाल फडक्यात बांधून अंगणातल्या कडुनिंबाला टांगला, कारण अस्थी घरात नेत नाहीत. आमच्या भागातली माणसं नर्मदेवर, नाहीतर वैनगंगेवरच कारध्याला अस्थी सोडतात. पण दिवाकररावांना प्रयागच पाहिजे. नर्मदेवर तर कोणीही जाते, म्हणाले. आणि न्यायचं कशाने, तर सिंधू निवासनेच. तेव्हा त्यांचे म्हातारे काकाजी काठी टेकत पुढे आले. "दिवाकर, अस्थी घरात नेत नसतात." भाऊजी म्हणाले, "घरात कोठी नेऊन राहिलो, काकाजी?" काकाजींनी काठीने मिनीबसकडे बोट केलं. "तूच त म्हनतेस, घर हाय म्हनून. निवास लिहून ठेवला हाय. पूजा मांडून गृहप्रवेश केला होता तू, मी होतो न." सगळे भाऊजींकडे पाहू लागले. मलाही उत्सुकता वाटली. भाऊजींनी गाडीकडे पाहिलं, कलशाकडे पाहिलं, आणि क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "घर कायचं जी? गाडीच त हाय ते!"

मी मोठ्याने हसले. भरल्या अंगणात, सुतकात. बायकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, त्यांना वाटलं हिचा तोल गेला. माझा तोल इतका ठिकाणावर कधीच नव्हता. ताई जिवंत होती तोवर ते घर होतं, म्हणून तिने चूल सांभाळायची. ताई कलशात गेली आणि ते घर एका वाक्यात गाडी झालं. बरं झालं. गाडीचे नियम मला पाठ आहेत, माझी उभी नोकरी त्यात गेली. मी म्हटलं, "भाऊजी, मी बी येतो प्रयागले." त्यांना बरं वाटलं. लगेच विचारलं, "सिलेंडर भरून घेऊ न मंग?"

भाऊजी, खेमराजभाऊ, ड्रायव्हर, कलश आणि मी, शिवनीवरून जबलपूरला पोचलो तेव्हा सकाळ सरत आली होती. कलश पुढच्या दांडीला टांगलेला, हेलकावे खात. मदनमहालचा फाटा दिसला तसं मी ड्रायव्हरला गाडी वळवायला लावली. टेकडीवरचा जुना गोंडांचा छोटा महाल, प्रचंड दगडाच्या डोक्यावर बसवलेला. ताईने त्याबद्दल ऐकलं होतं, आणि दोनदा त्याच्या पायथ्याशी भातही रांधला होता. पार्किंगमध्ये गाडी लागली. मी कलश सोडवून पदराखाली घेतला. खेमराजभाऊ चहाच्या टपरीकडे सटकले. भाऊजी दचकले. "कलश राहू दे गाडीत. अस्थी घेऊन कोनी किल्ला पाहाते का, शीला?" मी म्हटलं, "गाडी हाय न हे? गाडीतला मानूस थांब्यावर उतरते, भाऊजी." ते बूट घालायला लागले. "थांब, मी बी येतो." "कोनी तरी पाहिजे गाडीत," मी म्हटलं. "सिलेंडर हाय, सामान हाय." ते बूट हातात घेऊन तसेच बसले. कलशाशिवाय प्रयागला जाता येत नव्हतं, आणि कलश माझ्याकडे होता.

मी पायऱ्या चढले. मध्ये मध्ये थांबत, कारण माझेही गुडघे आता ताईचेच भाऊबंद झालेत. वर वारा होता. दगडाच्या पोटात कोरल्यासारखे लहान लहान दरवाजे, आणि खाली दूरवर पसरलेलं शहर. मी कलशाशी बोलले वगैरे नाही. असली नाटकं मला येत नाहीत आणि ताईला खपली नसती. एका कट्ट्यावर कलश मांडीवर घेऊन बसले. फडक्याची गाठ दुपारच्या उन्हाने गरम झाली. खाली पार्किंगमध्ये मिनीबसचं छत आणि पाण्याची टाकी तेवढी दिसत होती. मला घाई नव्हती. शाळेच्या सहलीची पोरं आली, गेली. कोणी विचारलं नाही की बाई इतका वेळ काय पाहताय. ऊन कलल्यावर खाली उतरले. वाटेत एकच विचार सारखा येत होता... आज पहिल्यांदा ही माणसं गाडीपाशी ताईसाठी थांबली होती.

खेमराजभाऊ टपरीवर पेंगत होते. ड्रायव्हर झाडाखाली. मी मागच्या दारातून आत चढले. भाऊजी ताईच्या स्टुलावर बसले होते. गुडघे ओट्याला टेकलेले, हात मांडीवर. शेगडीवर पातेलं होतं, त्यात नुसतं पाणी. शेजारी ट्रॅव्हल्सची मोठी गाडी येऊन लागली होती, खिडकीभर तिचं मागचं चाक. ते त्या चाकाकडेच पाहत होते. मी आल्याचं त्यांना कळलं, पण मान वळवली नाही. मला सांगावं की स्वतःला, अशा आवाजात म्हणाले, "शीला... येथून त काहीच दिसत नाही वं."

मला त्यांची दया आली नाही. खोटं कशाला लिहू? "नाही दिसत," मी म्हटलं, आणि ताईला घेऊन पुढच्या मोठ्या काचेजवळ जाऊन बसले.